थाट नसलेला सूड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जानेफळ असो, मेहकर असो की चिखली, तंबूतला सिनेमा पाहिलेली पिढी आपल्या भागात अजून आहे. जत्रा भरली की मोकळ्या रानात कनाती लागायच्या. मशीन एकच असल्यानं रीळ बदलताना अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात शेजारचा माणूस हमखास विचारायचा, ''आता हा बदला घेतो का नाही?'' बापाला मारणारा, जमीन लाटणारा खलनायक शेवटच्या रिळात मेला की तिकिटाचे पैसे वसूल. सूड ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून लागलेली भाऊबंदकी जिथं तिसऱ्या पिढीपर्यंत चालते, तिथं तर मुळीच नाही.

श्रोतेहो, आज अशाच एका सूडकथेविषयी बोलायचं आहे. ती अमेरिकेतली आहे, १९५९ सालची आहे आणि फार थोड्या पैशांत केलेली आहे. चित्रपटाचं नाव 'राइड लोन्सम', म्हणजे एकट्याचा प्रवास.

'वेस्टर्न' हा शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकात नवी वस्ती होत होती. कायदा दूर आणि बंदूक जवळ, असा तो काळ. त्यावरचे चित्रपट म्हणजे वेस्टर्न. घोडा, पिस्तूल, उजाड माळ आणि एकटा माणूस हा त्यातला ठरलेला ऐवज. त्या काळी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. एक मोठा, नामांकित. त्याच्या जोडीला दुसरा छोटा, स्वस्तातला. वेस्टर्न चित्रपट बहुतेक करून या दुसऱ्या पंगतीला बसत.

दिग्दर्शक बड बेटिकर याच पंगतीतला. तरुणपणी तो मेक्सिकोत बैलांशी झुंज खेळायला शिकला होता. १९५६ ते १९६० या काळात त्यानं रँडॉल्फ स्कॉट या नटाला घेऊन सात चित्रपट केले. स्कॉट तेव्हा साठीच्या घरात होता. चेहरा उन्हानं रापलेला, बोलणं मोजकं. यातल्या उत्तम चित्रपटांची पटकथा बर्ट केनेडीची. चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकायचं, आणि चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा. 'राइड लोन्सम' तर ७३ मिनिटांत संपतो.

पैसा नसला की काय होतं? गाव उभारता येत नाही, म्हणून या चित्रपटात गाव दिसतच नाही. घोडागाडीचे घोडे बदलायचं एक ठाणं आहे, बाकी सगळं उघड्यावर. कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळ झिजून गोल झालेल्या मोठाल्या दगडांचा एक माळ आहे. तिथंच सारं घडतं. पात्रंही मोजकीच, पाच-सहा. घोड्यावर बसायचं, चालायचं, रात्री शेकोटीपाशी बोलायचं आणि सकाळी पुन्हा निघायचं.

गोष्ट अशी. ब्रिगेड नावाचा माणूस बिली नावाच्या तरुण खुन्याला पकडतो. बिलीला शहरात नेऊन बक्षिसाचे पैसे घ्यायचे आहेत, असं तो सांगतो. वाटेत एक बाई आणि दोन जुने गुन्हेगार सोबत येतात. त्या दोघांनाही बिली हवा आहे, कारण त्याला आणून देणाऱ्याला माफी मिळणार आहे. मागून बिलीचा मोठा भाऊ फ्रँक माणसं घेऊन येतो आहे. पण ब्रिगेड घाई करत नाही. आडोशानं जायचं सोडून उघड्या माळावरून सावकाश चालतो. सोबतच्यांना कळेना, हा असं का करतो? मग उलगडतं, की त्याला बिली नकोच आहे. त्याला फ्रँक हवा आहे. ब्रिगेड पूर्वी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी होता. त्यानं फ्रँकला तुरुंगात घातलं होतं. सुटून आल्यावर फ्रँकनं त्याच्या बायकोला पळवलं आणि एका झाडाला फाशी दिलं.

आता या चित्रपटातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा. ब्रिगेड इतक्या सावकाश कुठं चालला आहे, याचा विचार करताना फ्रँकला ती जुनी गोष्ट आठवते. आपण ती जवळजवळ विसरलोच होतो, असं तो सहज बोलून जातो. ज्यानं केलं तो विसरला. ज्याचं गेलं तो मात्र त्याच झाडापाशी अडकून राहिला. सूडाची सगळी वर्षं एकट्या ब्रिगेडनं भोगली. फ्रँकच्या खात्यावर त्यातलं एकही नव्हतं.

शेवटी त्याच झाडाखाली फ्रँक मरतो. मोठा चित्रपट असता तर इथं जल्लोष झाला असता. इथं तसलं काही नाही. ब्रिगेड बिलीला त्या दोघांच्या हवाली करतो. बक्षीसही नको, सोबतही नको. सगळे निघून जातात आणि ब्रिगेड ते झाड पेटवून देतो. जळत्या झाडासमोर तो एकटा उभा आहे, धूर वर चढतो आहे, आणि चित्रपट संपतो. खलनायक मेला तरी त्याचं काम संपलेलं नव्हतं. झाड उरलं होतं.

यातला फ्रँक झाला होता ली व्हॅन क्लीफ. आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना धारदार नाकाचा हा नट ओळखीचा असेल. पुढं इटलीच्या सर्जिओ लिओनेनं स्पेनच्या माळावर वेस्टर्न काढले, तेव्हा १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' मध्ये याच क्लीफला त्यानं बहिणीचा सूड घेणारा नायक केलं. आणि लिओनेच्या चित्रपटांचा ठसा घेऊन आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला.

'शोले'चं चित्रीकरण बराच काळ चाललं. बंगळुरूजवळ रामनगरच्या खडकांत आख्खं गाव उभारलं होतं. सत्तर मिलीमीटरचा पडदा, धावती आगगाडी, घोड्यांचे ताफे. घरच्यांची हत्या झालेला, हात तोडलेला ठाकूर हाच त्यातला ब्रिगेड. मूळ शेवटात तो खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेणं सेन्सॉरला मान्य झालं नाही, म्हणून शेवटी पोलीस आणावे लागले. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पण दोन्ही शेवटांत एक गोष्ट सारखीच आहे. सूडाला तिथं मोठा थाट आहे, आणि त्या थाटात सूडानंतर माणसाचं काय होतं, हे विचारायला फारशी सवड मिळत नाही.

तोच 'शोले' पुढं आपल्या महाराष्ट्रात पुन्हा झाला, आणि तोही पैशाविना. मालेगाव म्हटलं की आपल्याला वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव आठवतं. हे नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव. शुक्रवारी माग बंद आणि कामगार सिनेमाला, असा तिथला रिवाज. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातल्याच हौशी मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. २००० च्या सुमाराची ही गोष्ट. घोडे कुठून आणणार? डाकू सायकलींवर आले. आगगाडीच्या जागी बस आली. या मंडळींच्या पुढच्या एका चित्रपटाच्या वेळी फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट आहे. त्यात कॅमेरा उंच न्यायला बैलगाडी आणि सरकवायला सायकल वापरलेली दिसते. पुढं २०२५ मध्ये रीमा कागती यांनी याच मंडळींवर हिंदी चित्रपट काढला.

सायकलवरचा डाकू पाहून लोक पोट धरून हसले. ती विनोदी नक्कल होती, हे खरंच. पण ते हसू मला साधं वाटत नाही. घोडा काढून घेतला, बंदुकीचा दणका काढून घेतला, की दरारा किती उरतो? गब्बरचीही गंमत होते आणि बदल्याच्या गर्जनांचीही.

बेटिकर आणि नासिर यांची बरोबरी मी करत नाही. एक मुरलेला कारागीर, दुसरा हौशी. पण दोघांकडेही सूडाला चढवायला दागिने नव्हते. उघड्या अंगाचा सूड एकाकडे केविलवाणा दिसला, दुसऱ्याकडे हास्यास्पद. मोठ्या पडद्यावर तो वीराचा धर्म वाटतो, कारण त्याला पार्श्वसंगीत असतं.

आपल्या गावातल्या वैरालाही असं पार्श्वसंगीत लागतं. पारावर बसून ''आता सोडू नको'' म्हणणारी चार माणसं असतात. बांध हातभर सरकलेला असतो, किंवा बांधावरच्या एखाद्या बाभळीचा वाद असतो. कोर्टाच्या तारखांना जाण्यायेण्यात आणि वकिलाच्या फीमध्ये त्या बाभळीच्या कितीतरी पट पैसा जातो. ज्यांनी भांडण सुरू केलं ते आजोबा केव्हाच वारलेले असतात, आणि नातू एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

अन्याय विसरावा, असं मी म्हणत नाही. कोर्ट आहे, कायदा आहे, हक्काचं ते मागावंच. पण तारखेला निघण्यापूर्वी एकदा स्वतःशी विचारावं. ज्याच्यासाठी आपण इतकी वर्षं जळतो आहोत, त्याला ते आठवतं तरी का? आणि पारावरची ती चार माणसं उठून घरी गेली, तर आपला राग किती उरतो? ब्रिगेडला हे प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्याच्या वाट्याला शेवटी एक जळकं झाड आलं.