दोषी ठरलेल्या माणसासाठी चार ओळी

नोव्हेंबर २०१३. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांच्यापुढे जेरेमी हॅमंड या २८ वर्षांच्या तरुणाच्या शिक्षेचा निर्णय होता. फाइलला अडीचशेहून अधिक पत्रं जोडलेली होती. लिहिणाऱ्यांत नातेवाईक होते, मित्र होते, चळवळीतले सोबती होते. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं १९७१मध्ये फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांचंही पत्र त्यात होतं. हॅमंडनं गुन्हा मे महिन्यातच कबूल केला होता, त्यामुळे त्यानं तो केला की नाही हा वाद संपलेला होता. किती वर्षं आत, एवढंच ठरायचं होतं.

शिकागोचा हा पोरगा ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकरगटाच्या वर्तुळातला. डिसेंबर २०११मध्ये त्यानं आणि साथीदारांनी स्ट्रॅटफर या टेक्सासमधल्या खासगी हेरगिरी कंपनीच्या संगणकांत शिरून लाखो ईमेल उचलले. पुढे विकिलीक्सनं ते छापले, तेव्हा एक गोष्ट भारतापर्यंत येऊन पोहोचली. भोपाळच्या वायुपीडितांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांवर ही कंपनी डाऊ केमिकलसाठी पाळत ठेवत होती. हॅमंडच्या पाठीराख्यांना त्यात लोकहित दिसलं ते अशा मजकुरामुळे. पण त्याच चोरीत हजारो ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे नंबरही उघड झाले होते आणि त्या कार्डांवरून परस्पर पैसे काढले गेले होते. ज्याचं कार्ड वापरलं गेलं, त्याला भोपाळचं काय सांगणार?

अशा वेळी लिहिलेल्या पत्रांना अमेरिकी कोर्टात मानाची जागा आहे. तिथे दोषी ठरणं आणि शिक्षा सुनावली जाणं यांत बहुधा काही महिने जातात. या मधल्या काळात प्रोबेशन अधिकारी माणसाची सगळी कुंडली मांडतो: घर, शिक्षण, नोकरी, आजार, आधीचे गुन्हे. फेडरल कोर्टांत शिक्षेचा एक मोठा तक्ता आहे. गुन्ह्याचं वजन एका बाजूला, पूर्वेतिहास दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे महिन्यांचा आकडा. हा तक्ता पूर्वी न्यायाधीशांवर बंधनकारक होता. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बुकर खटल्यात तो केवळ सल्ला ठरवला. शिक्षा देताना आरोपीचा इतिहास आणि स्वभाव पाहा असं कायदाच सांगतो, आणि त्यासाठी कोणती माहिती विचारात घ्यावी यावर मर्यादाही घालत नाही. मित्राच्या, मास्तरांच्या, शेजारणीच्या पत्राला दार उघडतं ते इथे.

पत्र थेट न्यायाधीशांच्या घरी किंवा चेंबरमध्ये धाडायचं नसतं. ते बचावाच्या वकिलाकडे जातं. वकील ते वाचतो, नको ते बाजूला काढतो आणि उरलेली पत्रं आपल्या निवेदनाला जोडून दाखल करतो. वकिलांचा सल्ला साधारण ठरलेला असतो: तुम्ही कोण, या माणसाला किती वर्षं आणि कशामुळे ओळखता, ते आधी सांगा. तो दोषी ठरलाय हे ठाऊक असूनही लिहिताय, हे स्पष्ट करा. खटला पुन्हा लढवू नका, सरकारी वकिलांवर घसरू नका, ‘इतकीच शिक्षा द्या’ असं न्यायाधीशांना शिकवू नका. विशेषणं तर टाळाच. ‘अत्यंत दयाळू आणि निःस्वार्थ’ हे शब्द न्यायाधीशांनी शेकडो आरोपींबद्दल वाचलेले असतात. आजारी शेजाऱ्याला हा माणूस दर आठवड्याला डायलिसिसला न्यायचा, हे मात्र फक्त त्याच्याबद्दलच लिहिता येतं.

बिनकामाच्या पत्रापेक्षा वाईट म्हणजे उलटणारं पत्र. ही पत्रं बहुधा सार्वजनिक नोंदीत जातात. २००७मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांचे माजी सहायक स्कूटर लिबी यांच्यासाठी किसिंजर, रम्सफेल्ड अशा बड्यांनी लिहिलं. न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी दीडशेहून अधिक पत्रं जाहीर केली आणि लिबींना ३० महिन्यांची सजा दिली (ती नंतर अध्यक्ष बुश यांनी माफ केली, ते वेगळं). २०२३मध्ये बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या अभिनेता डॅनी मास्टरसनसाठी सहकलाकार अ‍ॅश्टन कुचर आणि मिला कुनिस यांनी लिहिलेली पत्रं बाहेर आली, तेव्हा दोघांना व्हिडिओ काढून माफी मागावी लागली. पत्र न्यायाधीशांसाठी असलं तरी पीडितही ते वाचतात, याचा त्यांना विसर पडला होता.

कार्यकर्त्याच्या बाबतीत अडचण आणखी खोल असते. नेहमीच्या गुन्हेगाराचे मित्र लिहितात की तो असा नाही, एकदा पाय घसरला. कार्यकर्त्याचे मित्र काय लिहिणार? तो असाच आहे! तत्त्वासाठी किंमत मोजणारा, अन्याय दिसला की गप्प न बसणारा. प्रेमानं लिहिलेलं हे वाक्य न्यायाधीश ‘बाहेर आला की पुन्हा करणार’ असंही वाचू शकतो. शिवाय हॅमंडच्या खटल्याच्या काळात शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजसेवा, दानधर्म वगैरे सत्कृत्यं शिक्षा ठरवताना सहसा गैरलागू मानली होती, आणि गुन्ह्याची जबाबदारी पत्करली तर सूट होती. पश्चात्तापाला भाव, निर्धाराला नाही.

पर्यावरण कार्यकर्ता टिम डिक्रिस्टोफरचं उदाहरण बोलकं आहे. डिसेंबर २००८मध्ये सॉल्ट लेक सिटीत सरकारी जमिनींवरच्या तेल-वायू हक्कांच्या लिलावात तो ७० नंबरचा फलक घेऊन बसला आणि खिशात दमडी नसताना सुमारे १८ लाख डॉलरला १४ पट्टे बोली लावून घेतले. दोन महिन्यांतच नव्या सरकारनं त्या लिलावातले ७७ पट्टे स्वतःहून रद्द केले. खटला तरीही चालला. जुलै २०११मध्ये न्यायाधीश डी बेन्सन यांनी दोन वर्षांची कैद दिली. मूळ गुन्हा फार भयंकर नव्हता असं ते स्वतःच म्हणाले; त्यांना खटकली ती त्यानंतरची त्याची जाहीर वक्तव्यं.

मराठी माणसाला इथे टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८९७च्या राजद्रोह खटल्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली, तेव्हा मॅक्स म्युल्लर, विल्यम हंटर आदींनी इंग्लंडमधून दयेचा अर्ज केला. वेदविद्येचा असा अभ्यासक तुरुंगात असू नये हा त्यामागचा विचार. अर्ज न्यायाधीशांकडे नव्हता आणि सजेनंतरचा होता, पण जात तीच. १८९८मध्ये टिळक मुदतीआधी सुटले.

आज भारतात मित्रमंडळींनी न्यायाधीशांना अशी पत्रं लिहिण्याचा रिवाज नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकणं मात्र बंधनकारक आहे, आणि फाशीची शक्यता असेल तर त्याच्या आयुष्याचा, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल मागवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये मनोज खटल्यात बजावलं. १९५८च्या प्रोबेशनच्या कायद्यात तर गुन्हेगाराचं चारित्र्य पाहा असं स्पष्टच म्हटलं आहे. मेधा पाटकरांना वि. कु. सक्सेना यांच्या बदनामीच्या खटल्यात जुलै २०२४मध्ये पाच महिन्यांची कैद आणि दहा लाखांची भरपाई सुनावली गेली होती. एप्रिल २०२५मध्ये अपिलात दोष कायम राहिला, पण याच कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडून देण्यात आलं आणि भरपाई एक लाखावर आली. दिल्लीच्या त्या कोर्टात पत्रांचा गठ्ठा नव्हता. वय आणि आजवरचं आयुष्य होतं.

हॅमंडकडे गठ्ठा होता, पण विरोधात त्याचेच जुने चॅट होते. त्यात तो जास्तीत जास्त गोंधळ माजवण्याच्या गोष्टी करत होता, आणि २००६मध्ये हॅकिंगबद्दलच तो एकदा दोन वर्षांची सजा घेऊन बसला होता. या कृत्यात लोकहिताची उदात्तता आपल्याला दिसत नाही, असं प्रेस्का यांनी सांगितलं आणि कायद्यानं देता येईल तेवढी, म्हणजे दहा वर्षांची शिक्षा दिली.

ते चॅट एफबीआयच्या हाती आले होते साबूकडून. हेक्टर मोन्सेगुर हे त्याचं नाव. त्याच टोळीचा म्होरक्या, २०११मध्ये पकडला गेला आणि लगेच सरकारचा खबऱ्या झाला. मे २०१४मध्ये त्याची शिक्षा ठरवायला त्याच प्रेस्का बसल्या. तक्त्याप्रमाणे त्याच्या वाट्याला वीसहून अधिक वर्षं येत होती. मात्र सरकारी वकिलांनी कोर्टाला पत्र दिलं होतं: या माणसाच्या मदतीनं किमान तीनशे सायबर हल्ले रोखता आले. चारित्र्याचं पत्र आणि सहकार्याचं पत्र कायद्याच्या नजरेत एक नाहीत. दुसऱ्यामुळे तक्त्याच्या खाली उतरायची वाट अधिकृतपणे खुली होते. प्रेस्का यांनी त्याच्या सहकार्याची तोंडभरून स्तुती केली. आधीच भोगलेले सात महिने पुरेसे ठरले, आणि मोन्सेगुर त्याच दिवशी घरी गेला.