होज क्लिप: कोणती घ्यावी, किती आवळावी

बनारसमधल्या मंगला गौरीच्या गल्लीतून तुमचं स्वागत.

पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा आमचा पट्टा. पेशव्यांच्या काळापासून इथं मराठी घरं आहेत, त्यामुळे यात्रेला आलेली मराठी मंडळी हमखास इकडे फिरकतात. चारचाकी मात्र इथवर येत नाही. गल्लीत समोरून सांड आला तर माणसालाच भिंतीला चिकटावं लागतं, तिथं गाडीचं काय! गाड्या मैदागिन नाहीतर बेनियाबागच्या पार्किंगमध्ये दोन-तीन दिवस उभ्या राहतात. आणि पौष-माघाच्या थंडीत मला ठरलेला प्रश्न येतो: "काका, गाडी येताना ठणठणीत होती. आज सकाळी पाहिलं तर खाली हिरवट पाण्याचे थेंब. रेडिएटर गेला का?"

बहुतेक वेळा रेडिएटर शाबूत असतो. गळत असते ती रबरी होज जिथं नळीला बसते ती जागा, आणि दोष असतो वीस-तीस रुपयांच्या क्लिपचा. आजचा विषय तोच.

आधी ही क्लिप काय काम करते ते बघू. पाणी १०० अंशाला उकळतं हे आपण शाळेत शिकलो. पण रेडिएटरचं झाकण आतला दाब साधारण १ बारने वाढवून धरतं, आणि त्या दाबाखाली कूलंट मिसळलेलं पाणी १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. क्लिप ढिली असेल तर नुसतं पाणी जात नाही, हा दाबही जातो. मग कूलंट लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजिनच्या हेडला थंडावा मिळत नाही. आजकालचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते तापलं की वाकतं. हेड गॅस्केटचं काम निघालं की तीस रुपयांची गोष्ट तीस हजारांवर जाते.

आता थंडीतच का गळतं? रबर उष्णतेनं लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि थंडीत जास्त आकसतं. शिवाय वर्षानुवर्षं दाबाखाली राहून ते दबलेलंच राहतं, पूर्वीसारखं वर येत नाही. बनारसला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे ५-६ अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यात आवळलेली स्क्रूची क्लिप आहे तिथंच राहते, आतलं रबर मात्र आकसलेलं असतं. मधे फट पडते, थेंब येतात. इंजिन तापलं की रबर फुगून फट बुजते, आणि गॅरेजवाला म्हणतो, "कुठं गळतंय? काहीच नाही."

म्हणून क्लिप निवडताना पहिला प्रश्न "किती मजबूत?" हा विचारू नका. रबर फुगलं-आकसलं तर ही क्लिप त्याच्याबरोबर जाते का, हे विचारा.

यावरून प्रकार समजून घेऊ.

पहिली स्क्रूची क्लिप. पट्टीवर तिरक्या खाचा आणि त्यात फिरणारा स्क्रू. हिलाच आपल्याकडचे जुने मिस्त्री जुबिली क्लिप म्हणतात. ते मुळात एका इंग्लिश कंपनीच्या क्लिपचं नाव. ब्रिटिश नौदलातले कमांडर लम्ले रॉबिन्सन यांनी १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. कुठंही मिळते, साध्या पेचकसानं बसते, कमी-जास्त करता येते. तिची उणीव एवढीच की ती स्वतःहून मागे-पुढे होत नाही.

दुसरी स्प्रिंगची क्लिप. दोन कान पकडीनं दाबले की मोठी होते, सोडले की आवळते. दिसायला किरकोळ, म्हणून बरेच जण ती काढून फेकतात आणि "चांगली" स्क्रूची बसवतात. मंडळी, असं करू नका. ती रबराबरोबर फुगते आणि आकसते, म्हणून तर कंपनीनं ती दिलेली असते. गंजलेली किंवा फाकलेली नसेल तर तीच परत वापरा, आणि होजवरच्या जुन्या खुणेवरच बसवा. बसवताना तोंड बाजूला ठेवा. निसटली तर गोळीसारखी उडते.

तिसरी कानाची क्लिप, म्हणजे पट्टीला एक उंचवटा असतो तो खास पकडीनं चिमटायचा. एकदाच वापरायची. ॲक्सलच्या रबरी बुटावर हीच बसते. तिथं स्क्रूची क्लिप लावू नका. फिरत्या भागावर स्क्रूचं डोकं बाहेर येतं आणि ते आजूबाजूला लागतं.

चौथी टी-बोल्टची. रुंद पट्टी आणि नट-बोल्ट. टर्बो डिझेल गाडीत इंटरकूलरच्या जाड होजवर ही लागते. तिथली क्लिप ढिली झाली तर खाली थेंब पडत नाही. पिकअप जातो, काळा धूर येतो आणि रेस दिली की शिट्टीसारखा आवाज येतो.

आता माप. होज नळीवर चढवल्यावर तिचा बाहेरचा व्यास मोजा. होज हातात धरून, मोकळी असताना मोजाल तर माप कमी येईल. समजा ४० मिलिमीटर भरलं. बाजारात २५-४०, ३२-५०, ४०-६० अशा मापाच्या क्लिपा मिळतात. तुमच्यासाठी ३२-५०, कारण ४० हे तिच्या मधोमध येतं. २५-४० ची जेमतेम बसेल. ४०-६० ची लावली तर गोल न राहता अंडाकृती होईल, म्हणजे दोन बाजूंनी दाब आणि दोन बाजूंनी फट.

मग धातू. दुकानात डब्ल्यू-१, डब्ल्यू-२, डब्ल्यू-४ अशा खुणा दिसतील. डब्ल्यू-१ म्हणजे सगळी जस्ताचा मुलामा दिलेली, डब्ल्यू-२ म्हणजे पट्टी स्टेनलेसची पण स्क्रू साधा, डब्ल्यू-४ म्हणजे सगळीच स्टेनलेस. कोकणातली गाडी असेल तर सरळ डब्ल्यू-४ घ्या. खाऱ्या हवेत साधा स्क्रू आधी गंजतो आणि गरजेच्या वेळी फिरत नाही. पट्टीची आतली बाजू बोटानं चाचपून बघा. आरपार भोकं असलेली पट्टी आवळली की रबर भोकांतून वर येतं आणि कापलं जातं. खाचा फक्त वरून दाबलेल्या आणि आतून गुळगुळीत, अशी घ्या.

बसवायची रीत. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं. नळीच्या टोकाला एक उंच कडा असते; क्लिप त्या कडेच्या पलीकडे, पण होजच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत बसली पाहिजे. कडेवर बसवली तर घसरते. होज चढत नसेल तर थोडं कूलंट लावा, ग्रीस नको. पेचकस सारखा घसरतो, म्हणून ७ मिलिमीटरचा बॉक्स पाना वापरा.

आवळायचं किती? ९ मिलिमीटर रुंद पट्टीला साधारण ३ न्यूटन-मीटर, १२ च्या पट्टीला ५ च्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर मनगटाच्या जोरानं आवळा, खांद्याच्या नाही. रबर पट्टीच्या कडेनं किंचित फुगलं की थांबा. आताच्या बहुतेक रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असते, आणि जास्त आवळल्यानं तिचं तोंड तडकतं. मग खरोखरच रेडिएटर जातो. पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा तपासा.

डिझेल गाडीत टाकीकडून येणाऱ्या नळीची क्लिप ढिली असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. सकाळी गाडी दहा सेल्फ मारल्याशिवाय उठत नसेल तर बॅटरी बदलण्याआधी ही क्लिप बघा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत नळीत ३-४ बार दाब असतो. तिथं इंधनासाठीच केलेली होज आणि मुडपलेल्या कडांची क्लिपच हवी. गळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरवर पडलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि जिथं क्लिप चालतच नाही त्या जागा लक्षात ठेवा: ब्रेकची नळी, पॉवर स्टिअरिंगची जास्त दाबाची नळी, आणि सीएनजी. इथल्या गंगेतल्या बऱ्याच नावा अलीकडे डिझेलवरून सीएनजीवर आल्या, तेव्हा "पाइपला क्लिप मारली तर?" असं विचारणारे मला भेटले. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. तिथं ठरलेली स्टीलची नळी, ठरलेलं फिटिंग आणि परवानाधारक मिस्त्री, याला पर्याय नाही.

शेवटी यात्रेकरूंसाठी. नागपूरकडून जबलपूर, रीवा, मिर्झापूरमार्गे येताना ड्रमंडगंजचा घाट उतारावर असतो, गाडीवर ताण पडत नाही. परतताना तोच घाट चढावा लागतो, तोही गंगाजलाच्या कॅननी भरलेली गाडी घेऊन. ढिली क्लिप तिथं उघडी पडते. म्हणून निघायच्या सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून प्रत्येक जोडावर टॉर्च मारा. हिरवी-पांढरी वाळलेली खूण दिसली तर तिथं गळून गेलंय. मापाच्या दोन क्लिपा आणि ७ चा पाना डिकीत ठेवा. तार गुंडाळू नका, ती रबर कापते.

पुढच्या भागात कूलंट आणि पाणी किती प्रमाणात मिसळायचं ते बघू. तोवर गाडी जपून चालवा. हर हर महादेव.