पन्नास नको, आधी दहाच! परसातल्या कोंबड्या आणि परसबाग यांचा खरा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण घराशेजारच्या जागेत कोंबड्या आणि भाजीपाला एकत्र कसा करायचा ते बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, सुरुवात किती पक्ष्यांपासून करू? पन्नास चालतील का शंभर?" व्हिडिओत वेळेअभावी हिशोब नीट मांडता आला नाही, म्हणून आज निवांत लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाला मी प्रशिक्षण दिलं होतं. त्यातल्या एका ताईंनी विचारलं, "सर, माझ्या दहा कोंबड्या चांगल्या चालल्यात. पन्नास केल्या तर पाचपट पैसे मिळतील ना?" मी म्हणालो, "करा की, धंदा वाढवायलाच हवा." ताईंनी गटातून कर्ज काढलं आणि पिल्लं आणली. सात-आठ महिन्यांनी भेटल्या तेव्हा निम्म्याच कोंबड्या उरल्या होत्या, अंगणातली मेथी-पालक कोंबड्यांनी साफ केली होती आणि कर्जाचे हप्ते भाजी विकून नाही, तर मजुरीला जाऊन फेडत होत्या. ताई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "सर, तुम्ही हिशोब करून सांगायला पाहिजे होतं."

बरोबर होतं त्यांचं. तोच हिशोब आज करू.

एका कोंबडीचा हिशोब

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं. वर्षाचं झालं ४० किलो. समजा विकतचं खाद्य ३० रुपये किलो आहे, म्हणजे खर्च १२०० रुपये.

आता उत्पन्न. समजा सुधारित जातीची कोंबडी वर्षाला १२० अंडी देते आणि गावात अंड्याला १० रुपये मिळतात. झाले १२०० रुपये.

आले १२००, गेले १२००. हातात शून्य! तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते घालून बघा. पण सगळं खाद्य विकत आणलं तर परसातली कोंबडी फारसं काही देत नाही, हे तुमच्याही वहीत दिसेल.

मग आपल्या आजीला कोंबड्या कशा परवडायच्या? कारण आजी खाद्य विकत आणतच नव्हती. कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, किडे-मुंग्या, गवताचं बी, सांडलेलं धान्य खायची. संध्याकाळी डालताना आजी मूठभर कण्या टाकायची, बस.

हेच आकड्यात मांडू. ११० पैकी ७० ग्रॅम कोंबडीनं परसात फिरून मिळवलं आणि ४० ग्रॅम भरडा आपण दिला. वर्षाला १५ किलो भरडा, २५ रुपयांनी ३७५ रुपये. कोंबडीमागे उरले ८२५. दहा कोंबड्यांचे ८,२५०. त्यातून पिल्लं, लस, औषध, खुराड्याची डागडुजी असे २,२५० गेले, तरी ६,००० उरतात. महिन्याला ५०० रुपये. लाखो नाहीत, पण खरे आहेत.

मग पन्नास केल्या तर काय होतं?

इथेच माझी चूक झाली होती. कोंबड्या पाचपट होतात, पण परस तेवढंच राहतं! जे अंगण रोज ७०० ग्रॅम फुकटचं खाणं देत होतं, ते पन्नास कोंबड्यांनाही ७०० ग्रॅमच देणार. वाट्याला आले १४ ग्रॅम. उरलेले ९६ ग्रॅम विकत आणा. वर्षाला ३५ किलो, म्हणजे १,०५० रुपये. कोंबडीमागे उरले १५०, पन्नास कोंबड्यांचे ७,५००. आणि पिल्लं, लस, डागडुजी यांचा खर्च पाचपट झाला, म्हणजे ११,२५०. साडेतीन हजारांच्या वर तोटा, आणि काम पाचपट!

म्हणून आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: किती कोंबड्या पाळायच्या हे कर्ज किती मिळतं त्यावर ठरवू नका, आपलं परस किती कोंबड्या पोसू शकतं त्यावर ठरवा. त्याच्यापुढे गेलात की ते परसातलं कुक्कुटपालन राहत नाही, तो पोल्ट्री फार्म होतो. फार्म वाईट नाही, पण त्याचं शेड, खाद्य, बाजार, सगळं गणितच निराळं.

माझं परस किती कोंबड्या पोसेल, हे कसं कळणार?

एक सोपी परीक्षा आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जाताना, भरडा टाकायच्या आधी, दोन-तीन कोंबड्या हातात घ्या. मानेच्या खाली, छातीच्या वरच्या बाजूला अन्नाची पिशवी असते ती चाचपा. भरलेली लागली तर परस पुरतंय. रिकामी, लोंबती लागली तर कोंबड्या जास्त झाल्यात. पहिल्यांदा करणाऱ्यानं आठ-दहा तलंगा आणि एक कोंबडा एवढ्यावरच सुरुवात करावी. वर्षभर वही लिहा, मग वाढवायचं का ते ठरवा.

परसबाग कुठे येते यात?

परसबाग म्हणजे कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना आणि कोंबड्या म्हणजे परसबागेच्या खताचा कारखाना. दोन्ही एकत्र असले तरच ते ७० ग्रॅम वर्षभर मिळतात.

शेवगा लावाच. शेंगा घरात, पाला सावलीत वाळवून भरड्यात थोडा मिसळायचा, आणि उन्हाळ्यात कोंबड्यांना सावली. दोडका, कारलं, दुधी मांडवावर चढवा, म्हणजे चोचीपासून लांब राहतात आणि खाली गारवा होतो. जून झालेली पालक, कोबीची वरची पानं, किडकी वांगी कोंबड्यांना घाला. बी शक्यतो घरचं धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठीच पद्मश्री मिळाली. बी विकत नसेल तर बागेचा मोठा खर्च तिथेच वाचतो.

पण एक नियम पक्का: कोंबडी आणि कोवळं रोप एका वाफ्यात कधीच नाही. कोंबडी उकरणारच, तिचा तो स्वभाव आहे. जागेचे दोन भाग करा, मध्ये तुरकाठ्या किंवा जुन्या जाळीचं कुंपण. एका भागात भाजी उभी असताना कोंबड्या दुसरीकडे. भाजी काढून झाली की त्या वाफ्यात कोंबड्या सोडा. तण खातात, हुमणी आणि अळ्या वेचतात, वरची माती भुसभुशीत करतात. चार-पाच दिवसांनी बाहेर काढा, खत घाला, नवीन बी टाका.

खताचं म्हणाल तर दहा कोंबड्या रात्रभरात खुराड्यात अर्ध्या किलोच्या आसपास विष्ठा टाकतात. खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा, म्हणजे वास येत नाही आणि खत गोळा करणं सोपं जातं. पण ते ताजं झाडाला घालू नका! कोंबडीखत फार उष्ण असतं, मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवा, मग वापरा. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशी कच्ची खायची भाजी असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ताज्या विष्ठेतून जंतू पोटात जाऊ शकतात.

कोंबड्या मरतात कशानं?

ताईंच्या निम्म्या कोंबड्या गेल्या त्या भुकेनं नाही. तीन कारणं असतात.

१. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आणि बघता बघता खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लसच. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आरटूबीचं इंजेक्शन. मध्ये गंबोरो आणि देवीची लस असते. नेमकं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून गल्लीतल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवा, बाटली बर्फात आणा आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदमच द्या. याचा दुसरा फायदाही आहे. शेजारच्या कोंबड्यांना लस नसेल तर रोग गल्लीतच राहतो.

२. पिल्लांना ऊब कमी. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायची. आता गंमत बघा, हल्ली सगळ्यांच्या घरी एलईडी बल्ब आहेत. उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही! जुना पिवळा साठ वॉटचा बल्ब शोधा, पंचवीस-तीस पिल्लांना एक. पिल्लं बल्बखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खात असली तर बरोबर. हा व्याप नको असेल तर सरळ महिना-दीड महिन्याची, लस दिलेली पिल्लं घ्या. किंमत जास्त, पण मरतुक कमी.

३. मुंगूस, कुत्रं आणि आपलाच निष्काळजीपणा. खुराडं जमिनीपासून वर, जाळी बारीक, दार रोज अंधार पडायच्या आत बंद. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा "कोंबड्या खातील" म्हणून टाकू नका, त्यातलं विष यकृत खराब करतं. पेरणीचं औषध लावलेलं रंगीत बियाणं उघड्यावर ठेवू नका. आणि बागेत कीटकनाशक फवारायचं असेल तर कोंबड्या तिथे सोडायच्या नाहीत.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर गपचूप ओढ्यात टाकू नका, विकू तर नकाच. लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लवकर कळवलं तर गाव वाचतं.

जात कोणती घ्यायची?

गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण चपळ असते, खुडूक बसते आणि स्वतः पिल्लं काढते. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण खुडूक सहसा बसत नाहीत, म्हणजे पिल्लं पुन्हा विकत आली. माझा सल्ला: सात-आठ सुधारित, दोन-तीन गावठी. सुधारित कोंबडीची अंडी विका, गावठी खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. पशुसंवर्धन खात्याची अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे आधी चौकशी करा.

विकायचं कधी?

जास्तीचे कोंबडे आखाडात आणि गावच्या जत्रेच्या आधी विका, तेव्हा भाव चांगला असतो. श्रावणात आणि नवरात्रात अंड्याला गिऱ्हाईक कमी. श्रावण सरत आला की खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवा, पाऊस ओसरता ओसरता पिल्लं निघतील. भाजी मात्र श्रावणात जोरात जाते. बघा, एक थांबलं की दुसरं चालू. एकत्र करण्याचा हा मोठा फायदा.

आजचा गृहपाठ

वहीत चार रकाने आखा: तारीख, अंडी किती, भाजी किती (घरी खाल्लेलीसुद्धा धरा, ती वाचलेली रक्कम आहे), आणि खर्च किती. रात्री दोन मिनिटं लागतात. वर्षानंतर हीच वही तुम्हाला सांगेल की वाढवायचं की थांबायचं. तेव्हा मला विचारायची गरजच पडणार नाही.

आणि हो, त्या ताई आज काय करतात? बारा कोंबड्या आणि अर्धा गुंठा परसबाग. कर्ज फिटलं. अंडी गावातच संपतात. गेल्या वर्षी नव्या गटाच्या प्रशिक्षणात मी त्यांनाच बोलायला उभं केलं. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "सर सांगतील ते ऐका, पण हिशोब स्वतः करा."

तेच मीही सांगतो. तुमच्या परसात किती कोंबड्या आहेत आणि संध्याकाळच्या परीक्षेत पिशवी भरलेली लागली का, ते नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत दोन हजारांच्या आत खुराडं कसं बांधायचं ते दाखवतो. भेटू लवकरच!