शल्यशस्त्रे आणि शिलालेख

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाच्या एका अंगास नाशिक आणि दुसऱ्या अंगास डहाणू-सोपाऱ्याचा किनारा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने डहाणूच्या नदीवर धर्मार्थ नावा ठेवल्याचा दाखला नाशिकच्या लेण्यात कोरलेला असल्यामुळे घाट आणि बंदर यांचा संबंध रोमन साम्राज्याच्या ऐन भरभराटीइतका जुना ठरतो. त्याच सुमारास एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारे, कल्याण व चौल यांची नावे येतात, आणि भडोचहून जाणाऱ्या मालात हस्तिदंत व सुती कापड यांच्या जोडीला कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी व ‘लायकियन’ ही औषधी द्रव्येही नोंदलेली आढळतात. हे भारतीय लायकियन म्हणजे दारुहळदीचा काढा आटवून केलेले आपले रसांजन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नेत्ररोगांवर ते वापरीत, आणि त्यासाठी केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कुप्या ग्रीक वसाहतींत सापडल्या आहेत.

ते औषध वापरणारा वैद्य कसा होता, हे जाणण्यास ग्रंथांपेक्षा उत्खनन अधिक भरवशाचे, कारण ग्रंथकार आपल्या विद्येची थोरवी गातो, आगीत कोसळलेल्या घराला तशी सवड नसते. इटलीतील रिमिनी येथे 1989 पासून खणलेले असे एक घर तिसऱ्या शतकाच्या मध्यास जळाले. त्यात सुमारे 150 शस्त्रे व उपकरणे मिळाली, त्यांत चाकू आहेत, चिमटे आहेत, अस्थिशल्याची हत्यारेही आहेत. तेथील भिंतीवर, बहुधा एखाद्या रुग्णाने, युटिकीस नावाचा भला माणूस येथे राहतो, असे ओरखडून ठेवले आहे. वैद्याला याहून मोठी सनद कोणती हवी? तस्कनीच्या समुद्रात, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात बुडालेल्या एका गलबतातील कथिलाच्या डबीत तर चपट्या गोल वड्याच शाबूत राहिल्या होत्या, आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणानुसार त्यांत प्रामुख्याने जस्ताचे क्षार निघाले. ते औषध डोळ्यांचेच असावे, असा तर्क आहे.

आपल्याकडचा वैद्य हत्यारांपेक्षा दानातून अधिक दिसतो. पितळखोऱ्याच्या लेण्यांत राजवैद्य मगिल आणि त्याची मुले यांच्या दानाचे लेख आहेत, आणि तेथेच पैठणच्या मित्रदेव नामक गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिलेला स्तंभ उभा आहे. औषध देणारा आणि द्रव्य पुरवणारा एकाच डोंगरात शेजारी आले, हा योगायोग मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. रायगड जिल्ह्यातील कुड्याच्या लेण्यांत सोमदेव या वैद्याने एक लेणे दान केले आहे. त्याचा पिता इसिरखित हाही वैद्य व बौद्ध उपासक होता, यावरून हा व्यवसाय घराण्यात चालत असल्याचे दिसते. आणि लेखात सोमदेवाच्या तीन पुत्रांबरोबर इसिपालिता, पुसा, धम्मा व सपा या चारही कन्यांची नावे पुण्याच्या वाटेकरी म्हणून कोरविली आहेत.