तुकोबांचा पूल कोणी बांधला?

श्रद्धा ही माणसाची कमाई नसून देवाची देणगी आहे, असे ख्रिस्ती धर्म मानतो. मग तुकोबांची विठ्ठलावरील श्रद्धा ही कोणाची देणगी? मराठी माणसापुढे हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९) उभा राहिला. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले हे कवी, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. त्या बाप्तिस्म्यापायी त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला होता; तेव्हा हे बोलणे निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही. पूल देवानेच बांधला असेल, तर तो ओलांडून पुढे जायचे कशाला? आणि देवाने बांधला नसेल, तर तो पैलतीरी पोचला कसा?

ख्रिस्ती विचारवंतांचे ह्यावर एकमत नाही. जे. एन. फर्कर यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात ख्रिस्ताला हिंदुधर्माचा मुकुट म्हटले. (हा मान की उपकार, ते वाचकांनीच ठरवावे.) पुढे १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. डच पंडित हेंड्रिक क्रेमर यांचे म्हणणे असे, की ख्रिस्तात देव स्वतः प्रकट झाला. इतर धर्म ही माणसाची धडपड, मग ती कितीही उदात्त असो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे ए. जी. हॉग यांना हे पटले नाही. धर्ममते वेगळी आणि माणसाची जिवंत श्रद्धा वेगळी. मत अपुरे असले तरी शरण आलेल्याला देव भेटतो, असा त्यांचा आशय होता. मला तर ह्या साऱ्या वादात हाच मुद्दा मर्माचा वाटतो, कारण हॉग ग्रंथ बाजूला ठेवून माणसाकडे पाहतात. आमच्या कानडी मित्रांनी येथे तुकोबांच्या जागी बसवण्णांना ठेवून पाहावे.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आम्ही नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. परंतु २००० सालच्या ‘दोमिनुस येसुस’ ह्या रोमच्या घोषणापत्राने ख्रिस्ती ‘श्रद्धा’ आणि इतर धर्मांतील ‘समजूत’ एक मानू नये, असे बजावले. दार उघडले, पण साखळी काही काढली नाही!

हा वाद हैदराबादेपासून दूर नाही. मुसलमानांत धर्मप्रचार करणाऱ्यांच्या तयारीसाठी लाहोरला १९३० मध्ये निघालेली हेन्री मार्टिन संस्था १९७१ साली आपल्या शहरात आली आणि हळूहळू धर्माधर्मांतील संवादाच्या कामाकडे वळली.

टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.