आखाडातला मालासादा

पावसाळ्यातली मुळशी म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. रस्त्याकडेला लागलेल्या गाड्या, पत्र्याच्या शेडखालची कांदाभजी, भाजलेलं कणीस, कटिंग चहा आणि धबधब्यासमोर ओलेचिंब फोटो. (हिंजवडीकरांनो, तुमचा आयटी पार्कही मुळशी तालुक्यातच येतो बरं का! म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तुम्ही रोजच मुळशीला जाता, फक्त धबधब्याऐवजी ट्रॅफिकमध्ये उभे राहता.) यंदा आम्ही पाचजणींनी ठरवलं, भजी खूप झाली. धरणाच्या अलीकडे एक छोटं घर दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलं, पिशवीत मैदा, अंडी, यीस्टचं पाकीट टाकलं आणि तिथे जाऊन मालासादा तळले.

मालासादा म्हणजे पोर्तुगीज डोनट. मॉलमधल्या काचेच्या कपाटात रंगीबेरंगी आयसिंग लावून बसलेला, मधे भोक असलेला डोनट डोळ्यांसमोर आणू नका. हा अझोर्स आणि मदेइरा या पोर्तुगीज बेटांवरचा घरगुती प्रकार. अंडी, दूध, लोणी घातलेलं यीस्टचं मऊ पीठ, त्याचे वेडेवाकडे गोळे तेलात तळायचे आणि गरम असतानाच साखरेत लोळवायचे. संपलं! नावाची फोड ‘मल असादा’, म्हणजे नीट न भाजलेलं, अशी सांगतात. नावातच माफी मागून ठेवल्यामुळे नवशिक्यांना एकदम सेफ.

पण मला तो आवडला त्याच्या वेळापत्रकामुळे. ईस्टरच्या आधी कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. पूर्वी या काळात मांस, अंडी, चरबी सगळं वर्ज्य असायचं. मग घरात उरलेल्या अंड्यांचं, चरबीचं आणि साखरेचं करायचं काय? आदल्या मंगळवारी तळून खायचं! पोर्तुगीजमध्ये या दिवसाला चक्क ‘लठ्ठ मंगळवार’ म्हणतात. गोव्यात कार्निव्हलच्या सुमाराला कॅथलिक घरांतून केळ्याचे फिलोस तळले जातात, त्यामागचा हिशोबही हाच. आता सांगा, हे ओळखीचं वाटतंय की नाही? श्रावण लागण्याआधी आपल्याकडे ‘आखाड तळतात’ तो आणखी काय असतो? गटारीचा बोलबाला फार होतो, कारण तिथे बाटल्या असतात. पण आषाढात घरोघरच्या बायका कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या गोड पुऱ्या तळतात, त्याची बातमी कुणी करत नाही.

1878 मध्ये ‘प्रिसिला’ नावाचं जहाज मदेइरातून शंभरावर मजूर घेऊन हवाईला पोचलं. उसाच्या मळ्यात राबण्यासाठी ही माणसं तिथे गेली होती. पुढे अझोर्समधूनही खूप लोक गेले. त्यांच्याबरोबर मालासादाही गेला आणि आज तिथे लठ्ठ मंगळवारला सरळ ‘मालासादा डे’ म्हणतात. होनोलुलूत 1952 पासून चाललेल्या लिओनार्ड्स बेकरीत त्या दिवशी मोठी गर्दी असते. दिवसभर ऊस तोडायचा आणि सणाला साखरेत घोळवलेला गोळा खायचा. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांना याची चव समजावून सांगावी लागणार नाही.

हे सगळं नेटवर वाचून मुळशीला जायचं खूळ मात्र माझ्या डोक्यातलं नव्हतं, ते होतं माझ्या वसईच्या मैत्रिणीचं. ही हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, वाकडला फ्लॅट शेअर करून राहते आणि येत्या डिसेंबरात तिचं लग्न आहे. वसईतलं ईस्ट इंडियन घर, म्हणजे धर्माने कॅथलिक आणि भाषेने अस्सल मराठी. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. दोनशे पाच वर्षं! आपल्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट किल्ला घेतला तिथे संपते. पण त्या दोनशे वर्षांत तिथल्या माणसांच्या स्वयंपाकघरात काय शिरलं, ते नंतर बाहेर थोडंच गेलं? पाव, बटाटा, कोबी, काजू हे शब्द तर तुमच्या-माझ्या घरातही आहेत. महिनाअखेरीला ज्याची आपण वाट बघतो तो पगारसुद्धा पोर्तुगीजच.

ईस्ट इंडियनांच्या लग्नात फुगे लागतात. म्हणजे हवेचे नाहीत, खायचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर यांचं आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं, की टम्म फुगलेले गोल पाव तयार! विंदालूच्या लालभडक रश्शात बुडवून खातात. पूर्वी पीठ आंबवायला ताडी घालत, आता बहुतेक घरांत यीस्ट असतं. मालासादा आणि फुगा यांचं नातं कागदोपत्री सिद्ध करायला मी काही इतिहासकार नाही. पण दोन्ही एका दिवशी, एका कढईत तळल्यावर माझं मत झालंय की ही मावसभावंडं आहेत. एकाला साखर लागते, एकाला रस्सा, एवढाच फरक.

प्रॉब्लेम असा होता की मैत्रिणीच्या घरात फुगे करणारी शेवटची बाई म्हणजे तिची आजी, आणि ती चार वर्षांपूर्वी गेली. आई पीठ भिजवून देते, पण तिचा खांदा दुखतो, तासभर मूठ पिळणं तिला जमत नाही. घरच्यांनी केटरर ठरवून टाकला. फुगे खोक्यांतून येणार, सकाळी तळलेले, रात्री वाढणार. “आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात,” मैत्रीण सांगत होती. “त्या परत येतात तेव्हा घरात तळणाचा वास पाहिजे. खोक्याला वास असतो का?” तेव्हा केटररचे फुगे येऊ देत, पण आदल्या दिवशीचे आपण तळायचे, असं तिने ठरवलं होतं. मुळशी ही रंगीत तालीम होती. आणि हात बसण्यासाठी सुरुवात करायची ती सोप्या, गोड भावंडापासून.

तर आता मालासादा. अर्धा किलो मैदा, इन्स्टंट यीस्ट सात ग्रॅम (दोन छोटे चमचे), साठ-सत्तर ग्रॅम साखर, पाऊण छोटा चमचा मीठ, तीन अंडी, पन्नास ग्रॅम मऊ लोणी, एका लिंबाच्या सालीचा कीस आणि पाव लिटर कोमट दूध. दुधात बोट घातल्यावर छान वाटलं पाहिजे. चटका बसला तर यीस्ट मेलं म्हणून समजा. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरून बसतो, म्हणून थोडं दूध हातचं राखून ठेवा. पीठ चिकट होणारच, पोळ्यांच्या कणकेसारखं व्हायची वाट बघू नका. चिकटतंय म्हणून वरून मैदा टाकत सुटलात की मालासादाचा दगड झालाच. दहा-बारा मिनिटं मळा, म्हणजे खरं तर ताणा आणि आपटा. लोणी शेवटी. अंडं चालत नसेल तर एक उकडलेला बटाटा बारीक कुस्करून आणि दोन चमचे दही घाला. रंग कमी येतो, मऊपणा चांगला राहतो.

मग झाकून ठेवायचं. पुण्यात एप्रिलमध्ये हे पीठ तासाभरात दुप्पट होतं. मुळशीच्या आषाढात, धो धो पाऊस आणि भिंतींना ओल असताना, त्याला दोन तासांहून जास्त लागले. पातेलं मोठ्या परातीतल्या कोमट पाण्यात ठेवलं तर काम लवकर होतं. पण गडबड करायची कशाला? हळू फुगलेल्या पिठाला चव जास्त येते. नेटवर्क नव्हतं, वीज दोनदा गेली. ओव्हनची रेसिपी असती तर तिथेच बोऱ्या वाजला असता. कढईला काय, खाली जाळ असला की झालं.

घर सांभाळणाऱ्या काकू शेजारीच राहतात. त्यांनी आमची लगबग पाहून आधी दारातूनच चौकशी केली आणि मग सरळ आत आल्या. त्यांच्याकडे त्याच दिवशी आखाड तळायचा होता. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, वर खसखस लावून लाटलेली. शंकरपाळ्यासारखे मोठे तुकडे कापायचे, म्हणून त्या कापण्या. मग काय, त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच लोखंडी कढईत दोन्ही तळायचं ठरलं. जाड कढईचा फायदा असा की गार पिठाचे पाच-सहा गोळे एकदम पडले तरी तेलाचा ताव पटकन उतरत नाही.

“ह्यात गूळ न्हाई, तीळ न्हाई, वेलदोडा न्हाई. मग चव कुठनं यायची गं पोरींनो?” काकूंनी पीठ बोटाने दाबून विचारलं. मी लिंबाच्या सालीचं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

तेलाचा अंदाज महत्त्वाचा. थर्मामीटर असेल तर 170 ते 175 अंश. नसेल तर पिठाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका. तो दोन-तीन सेकंदांत वर आला आणि भोवती शांत बुडबुडे दिसले की तेल तयार. लगेच काळवंडला तर जाळ कमी करा, कारण बाहेरून लाल आणि आतून कच्चा मालासादा म्हणजे नावाला अगदीच जागणं! हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा घ्या, थोडा ताणून चपटा करा, सोडा. प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटं. चांगला फुगलेला गोळा तेलात अर्धा वर तरंगतो, त्यामुळे त्याच्या कमरेभोवती फिकट पट्टा राहतो. तो पट्टा दिसला की पाठ थोपटून घ्या. एवढ्या पिठात पंचवीसेक होतात.

साखरेचं एक गुपित. आपली जाड दाण्याची साखर नीट चिकटत नाही आणि पिठीसाखर गरम तेलावर विरघळून ओली होते. मिक्सरला साखर एकदाच फिरवा, रव्यासारखी. वीज नसेल तर पाटा-वरवंटा. काढलेला मालासादा अर्धा मिनिट निथळू द्या, मग साखरेत लोळवा आणि लगेच खा. लगेच म्हणजे लगेच. दुपारचा मालासादा रात्री चामट लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तर बोलायलाच नको.

इथे काकूंची बाजू वरचढ ठरली. त्यांच्या कापण्या आठ-दहा दिवस डब्यात टिकतात, लेकीच्या घरी एसटीने जातात, शेतात फडक्यात बांधून नेता येतात. “तुमचं हे खायला माणसं हाताशी पाहिजेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी अंगणापलीकडच्या पोरांना हाक मारली. दहा मिनिटांत परात रिकामी. एक मुलगा बोटांवरची साखर चाटत पुन्हा पुन्हा कढईकडे बघत होता. काकूंनी स्वतः दोन खाल्ले, “मऊ हाय” एवढंच म्हणाल्या आणि तिसरा पदराआड घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी फुग्यांची पाळी आली. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, अर्ध्या नारळाचं घट्ट दूध, दोन चमचे साखर, मीठ, यीस्ट, आणि लागेल तसं पाणी. हे पीठ मालासादापेक्षाही सैल, भज्यांच्या पिठाहून जरा घट्ट. मैत्रिणीने आधी गावाबाहेरच्या चढावर जाऊन, छत्री धरून, रेंज पकडून आईला फोन लावला होता. आईने सांगितलेलं ती आता मोठ्याने म्हणत होती. डाव्या हातात पीठ घे, मूठ मीट, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून गोळा वर येऊ दे. लिंबाएवढा झाला की बोटं आवळून तोड आणि तेलात अलगद सोड. घाबरून वरून टाकू नकोस, तेल उडतं.

पहिला घाणा शेपट्या असलेल्या बेडूकमाशांसारखा निघाला. दुसरा जरा बरा. काकू चुलीत लाकडं मागेपुढे करत ताव सांभाळत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या, हे विशेष. तिसऱ्या घाण्यात चार फुगे असे गोल आले की मैत्रीण गप्पच झाली. मग म्हणाली, “आजी मूठ मिटताना करंगळीपासून सुरू करायची. आत्ता आठवलं.” पुढचे सगळे करंगळीपासून. अर्ध्या तासाने तिचं मनगट भरून आलं, तेव्हा तिने उजवा हात वापरून पाहिला आणि तोही चालला.

विंदालू आमच्याकडे नव्हता, काकूंकडे कोंबडीचा रस्सा होता. मुळशीच्या काळ्या मसाल्यात बुडवलेला फुगा कसा लागतो, हे वसईला कळवायची आमची हिंमत झाली नाही. पण ज्यांना करून बघायचंय त्यांनी जरूर बघावं. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून घ्या, साखरेचे कण राहिले तर पुढच्या वेळी ते जळतात. आणि फ्रिज असेल तर मालासादाचं पीठ रात्रभर आत ठेवता येतं. सकाळी बाहेर काढून तासाभराने तळलं की ऑफिसला जायच्या आधीही जमतं, फक्त खाणाऱ्यांना लवकर उठवा.

डिसेंबरची सुट्टी मी आत्ताच टाकून ठेवलीय. वसईतल्या त्या घरी दोन किलो मैद्याचे फुगे होणार आहेत. मूठ तिची, पीठ तिच्या आईचं, आणि मला झाऱ्याचं काम दिलंय. काकूंनाही आमंत्रण गेलंय. त्या येताना डबाभर कापण्या आणणार आहेत, कारण एवढ्या लांब जायचं आणि टिकाऊ काही न्यायचं नाही, हे त्यांना पटत नाही.