पाठीतले पाणी काढल्यानंतरची डोकेदुखी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लंबर पंक्चर म्हणजे बोलीत 'पाठीतले पाणी काढणे'. या तपासणीनंतर काही रुग्णांचे डोके दुखू लागते आणि ही डोकेदुखी ओळखायला फारशी अवघड नसते. चहा घ्यायला रुग्ण उठून बसतो आणि कप संपेपर्यंत कपाळ व मानेमागचा भाग ठणकू लागतो. आडवे पडले की ठणका ओसरतो. सोबत मळमळ, मान आखडणे, कानात दडे बसल्यासारखे वाटणे हेही असू शकते. त्रास बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची (जीबीएस) साथ आली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले आणि महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात उपचारांची सोय करण्यात आली. या आजाराच्या निदानात पाठीतले पाणी तपासणे हा महत्त्वाचा भाग असतो. त्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी जवळपास नेहमीइतक्याच, हे चित्र जीबीएसकडे बोट दाखवते. पहिल्या आठवड्यात मात्र ते दिसेलच असे नाही.

'सुई टोचली आणि पाय गेले' हा समज अशा आजारात सहज पसरतो. जीबीएसमधला अशक्तपणा सुरुवातीचे काही दिवस, कधी चार आठवड्यांपर्यंत, आपसूकच वाढत असतो. तपासणीनंतर पाय आणखी लुळे पडले तर दोष सुईच्या माथी येतो. खरे कारण आजार असतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घालतात. तिथे असतात त्या द्रवात तरंगणाऱ्या नसा. त्यामुळे मज्जारज्जूला इजा होण्याची शक्यता फारच कमी असते.

डोकेदुखीचे कारण मात्र सुईच आहे, पण लोक समजतात तसे नाही. 'एवढे पाणी काढले, म्हणून डोके रिकामे झाले' हे म्हणणे चूक. प्रौढाच्या मेंदू व मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर द्रव असतो आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार करते. तपासणीसाठी काढलेले दहा मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघतात. त्रास देते ती गळती. सुईने आवरणाला पडलेले छिद्र लगेच बुजले नाही तर द्रव झिरपत राहतो, दाब उतरतो, उभे राहिल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि भोवतालची आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीअर यांनी हे १८९८ मध्येच स्वतःवर भोगले होते. पाठीतल्या भुलेचा प्रयोग ते स्वतःवर करून घेत असताना पिचकारी सुईला नीट बसली नाही, बराच द्रव वाहून गेला आणि पुढचे नऊ दिवस डोके दुखत राहिले.

म्हणूनच सुई कोणती, हा खरा प्रश्न. पारंपरिक सुईचे टोक धारदार असते; नव्या प्रकारच्या सुईचे टोक पेन्सिलीसारखे असते आणि ते आवरणाचे तंतू कापण्याऐवजी बाजूला सारते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार पारंपरिक सुईनंतर सुमारे ११ टक्के, तर या सुईनंतर सुमारे ४ टक्के रुग्णांना डोकेदुखी झाली. तपासणीआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे. त्रासाचा धोका तरुणांना, विशेषतः स्त्रियांना, अधिक असतो.

'चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही' हा नियम सिझर झालेल्या बाळंतिणीलाही सांगितला जातो, कारण पाठीतल्या भुलेनंतरही अशी डोकेदुखी होऊ शकते. असे सक्तीने पडून राहिल्याने डोकेदुखी टळते, याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. भरमसाट पाणी पिण्याचेही तेच. दुखणे सुरू झाल्यावर मात्र आडवे पडून बरे वाटते, तेवढा आराम जरूर घ्यावा. कॉफीतल्या कॅफिनने थोडा वेळ उतार पडतो.

बहुतेकांचे दुखणे एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. दुखणे तीव्र असेल किंवा लांबले तर 'ब्लड पॅच' हा उपाय आहे. रुग्णाच्याच हातातून साधारण १५ ते २० मिलिलिटर रक्त काढून ते पाठीत आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत सोडतात. तिथे ते गोठून छिद्र बुजवते. पाठीत पुन्हा सुई म्हटल्यावर रुग्ण बिचकतात, पण बहुतेकांना त्यानेच आराम पडतो.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जड माल उचलणाऱ्याने 'गोळी घेऊन शिफ्ट काढतो' म्हणू नये. जोर लावल्याने दुखणे वाढते. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला, वर्गणीची अट पूर्ण असल्यास, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो.

आडवे पडूनही डोके दुखतच राहिले, ताप आला, झटका आला, एकाचे दोन दिसू लागले किंवा गुंगी वाटू लागली, तर घरी थांबू नये. मेंदूभोवतीचा रक्तस्राव, शिरेतली गुठळी किंवा जंतुसंसर्ग यांची ही लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि पाठीतले पाणी कोणत्या तारखेला काढले, हे पहिल्यांदा सांगावे.